आमच्याकडून सुटलंय!

लहान शहरात माणूस शोधायला वेळ लागत नाही. डॉक्टर चौकात असतो, वकील कोर्टासमोरच्या टपरीवर असतो. आचारी, मंडपवाला, बँडवाला आणि जनरेटरवाला तर एकाच गल्लीत समोरासमोर बसून एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत असतात. सापडत नाही तो एकच, पाणी देणारा. पाणी येतं म्हणजे ते कुणीतरी देत असणार, एवढा निष्कर्ष कोणीही काढेल. पण हा कुणीतरी नेमका कोण, हे विचारायला घराबाहेर पडलात की अर्धं सरकार पायाखालून जातं.

कागदावर उत्तर सोपं आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरी स्थानिक संस्थांकडे द्यायच्या कामांच्या त्या यादीत पाणीपुरवठा पाचव्या क्रमांकावर आहे. राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यानेही ते नगरपरिषदेचं आवश्यक कर्तव्य ठरवलं आहे. तेव्हा सरळमार्गी माणूस नगरपरिषदेत जातो. पण त्याचं हे जाणं बरोबर की चूक, ते गावावर अवलंबून. यवतमाळ, अमरावती, अंबरनाथ, बदलापूर इथे नळाची तक्रार घेऊन नगरपरिषदेत किंवा महापालिकेत गेलात, तर ‘ते आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळेल आणि ते अगदी खरं असेल. तिथे पाणी देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, म्हणजे 1997 पूर्वीचं महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ. नागपुरात महापालिकेच्या वतीने ऑरेंज सिटी वॉटर नावाची कंपनी पाणी पुरवते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या निवासी विभागात राहत असाल तर एमआयडीसी. म्हणजे बदलीवर आलेल्या माणसाने आधी आपण कुठल्या संस्थेच्या पाण्यावर आहोत ते शोधायचं, आणि मग त्या संस्थेचं ऑफिस कुठे आहे ते. दुसरा शोध पहिल्यापेक्षा अवघड असतो, कारण ऑफिस बहुधा जुन्या पाण्याच्या टाकीखाली असतं आणि गावात जुन्या टाक्या पुष्कळ असतात.

आमच्या गावात पाणी नगरपरिषदेचं, त्यामुळे शोध तसा लवकर संपतो. पाणीपुरवठा विभाग तळमजल्यावर, जिन्याच्या मागे आहे. अभियंत्याची खुर्ची रिकामी दिसली तर नवखा माणूस वैतागतो. जाणकाराला हायसं वाटतं. साहेब बाहेर आहेत म्हणजे कुठेतरी पाइप फुटलाय, म्हणजे पाइपात पाणी आहे. साहेब खुर्चीत निवांत दिसले की घाबरावं. त्या दिवशी गावात फुटण्यासारखंही काही वाहत नसतं.

शेजारच्या टेबलावरचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला.

“पाणी नवीन पाहिजे का जुनं नावावर करायचंय?”

नवीन पाहिजे म्हटलं की यादी सुरू होते. चालू वर्षाची घरपट्टीची पावती. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र. परवानाधारक प्लंबरची सही. रस्ता खोदाईचे पैसे. खोदाईच्या पैशांत रस्ता पुन्हा बुजवण्याचे पैसेही धरलेले असतात, पण ते फक्त पावती वाचणाऱ्याला कळतं. रस्ता पाहणाऱ्याला कळण्याची काही सोय नाही. शेवटी येते पाणीपट्टी. लहान गावांत मीटर क्वचित. अर्ध्या इंची जोडणीला वर्षाची एकरकमी आकारणी. वर्ष 365 दिवसांचं, पाणी आठ दिवसांतून एकदा. हिशेब केला तर पाणी येतं वर्षाकाठी पंचेचाळीस दिवस. उरलेल्या तीनशेवीस दिवसांचं काय, असं आमच्यासमोर एका निवृत्त मास्तरांनी विचारलं. क्लार्कने मान वर न करता उत्तर दिलं, “नळ चालूच असतोय की, मास्तर.”

एवढं होऊनही पाणी आलं नाही तर मात्र खरी यात्रा सुरू होते. तिच्यात प्रत्येक देवस्थानचा पुजारी वेगळा. धरण जलसंपदा विभागाचं. धरणातल्या जॅकवेलवरचे पंप नगरपरिषदेचे, पण पंपाला लागणारी वीज वीज कंपनीची. जलशुद्धीकरण केंद्र, म्हणजे गावाच्या भाषेत फिल्टर, कंत्राटदाराकडे. टाकी जुन्या योजनेतली, पाइप नव्या योजनेतला, आणि दोघांना जोडणारा तुकडा कुठल्याच योजनेत नसलेला. पाणी का आलं नाही म्हणून धरणावर विचारलं, तर ते म्हणतात, “आमच्याकडून सुटलंय.” जॅकवेलवरचा म्हणतो, “आमच्याकडून सुटलंय, मधे लाइट गेली तेवढं सोडा.” फिल्टरवर विचारलं तर, “आमच्याकडून सकाळीच सुटलंय, टाकी भरत नसेल.” टाकीवाला म्हणतो, “आमच्याकडून सुटलंय, तुमच्या लाइनला लिकेज असेल.” या साखळीत कुणीच खोटं बोलत नाही, हे विशेष. पाणी सगळ्यांकडून सुटलेलं असतं आणि कुणाकडेच पोचलेलं नसतं. सरकारी भाषेत या अवस्थेला तांत्रिक बिघाड म्हणतात आणि नागरिकांनी सहकार्य करावं अशी विनंती करतात. सहकार्य म्हणजे काय करायचं, ते नागरिकांना अजून कळलेलं नाही. पण विचारतही कुणी नाही, हेच बहुधा सहकार्य असावं.

विजेचं तर वेगळंच प्रकरण. लहान गावाच्या पाणीपुरवठ्यात मोठा खर्च पाण्याचा नसतोच, ते वर चढवण्याचा असतो. बिल थकलं की वीज तुटते, वीज तुटली की पाणी थांबतं, पाणी थांबलं की पाणीपट्टी कुणी भरत नाही आणि पाणीपट्टी आली नाही की वीजबिल थकतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधून शहराला पाणी आणलं ते उताराच्या जोरावर. त्याच्या शहाणपणाचं कौतुक इतिहासकार करतातच; नगरपरिषदेच्या लेखापालांनीही करायला हवं. त्याला वीजबिल नव्हतं.

यावर दर काही वर्षांनी उपाय येतो, तो म्हणजे नवी योजना. आधी जुन्या मंडळाच्या काळातल्या योजना होत्या, मग नगरोत्थान आलं, 2015 ला अमृत आलं, 2021 ला अमृतचा दुसरा भाग आला. आमच्याकडे लोक वयसुद्धा योजनांवरून सांगतात. थोरली नगरोत्थानाचे खड्डे होते तेव्हाची, धाकटा अमृतच्या खड्ड्यातला. योजना आली की आधी टाकी उभी राहते. गावाबाहेर, उंच, निळीपांढरी, वर योजनेचं नाव आणि खाली प्रेमी युगुलांची. तिच्यात पाणी कधी येणार असं विचारलं तर उत्तर मिळतं, टाकी झाली आहे, पाइप बाकी आहे. पाच वर्षांनी पाइप होतो. तोपर्यंत टाकीला गळती लागलेली असते आणि तिच्या दुरुस्तीला नवी योजना मंजूर होते.

तर इतक्या सगळ्या संस्था, विभाग, योजना आणि पाट्या ओलांडून पाणी अखेर ज्याच्या हातून घरात येतं, तो माणूस कुठल्याच पाटीवर नसतो. त्याच्याजवळ माणसाच्या छातीइतकी उंच, वरती आडवी मूठ असलेली लोखंडी चावी असते. तो व्हॉल्व्हमन. आमच्या गावात त्याला सगळे मामा म्हणतात. सत्तरीच्या आजीही म्हणतात आणि नगराध्यक्षही.

मामा मोटारसायकलवर येतात. चावी मागच्या सीटवर आडवी बांधलेली, त्यामुळे समोरून येणारी वाहनं आपोआप बाजूला होतात. रुग्णवाहिकेलाही आमच्या गावात एवढा मान नाही. चौकातल्या चेंबरचं झाकण ते चावीच्याच टोकाने सरकवतात. आत गुडघाभर खड्डा, खड्ड्यात थोडं पाणी, पाण्यात गुटख्याच्या पुड्या. चावी आत बसवतात आणि फिरवायला लागतात. किती फेरे फिरवायचे हे कुठल्याही नकाशात नाही. पेठेसाठी बारा, माळीवाड्यासाठी नऊ, टेकडीवरच्या कॉलनीला पूर्ण उघडा, तरी टेकडीला पाणी कमीच. नवा अभियंता आला की मामांना नकाशा दाखवतो. मामा आदराने पाहतात आणि म्हणतात, “ही लाइन बंद करून चौदा वर्षं झाली, साहेब.” त्या दिवसापासून अभियंता मामांच्या गाडीमागे बसून गाव शिकतो.

गावात लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला जाते आणि दुसरी मामांना. लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्या गल्लीचा नंबर लावून घ्यायचा असेल तर दुसरा मार्ग नाही. एरवी भाऊबंदकीत एकमेकांचं तोंड न पाहणारी घरं मामांच्या चहासाठी मात्र आळीपाळीने दार उघडतात. मामा आजारी पडले तर गल्लीत एवढी चौकशी होते की तेवढी सासऱ्यांचीही झालेली नसते. आणि मामांची बदली झाली, तर आपला प्रभाग ज्यांना आठवतो अशा सगळ्या पक्षांचे नेते एकत्र येऊन निवेदन देतात. आमच्या गावात सर्वपक्षीय एकमताचं आजवरचं हेच एक ठळक उदाहरण.

मामांचा फोन नंबर मिळणं म्हणजे गावाचं नागरिकत्व मिळणं. तो कुणी सहज देत नाही. घरमालक अण्णा भाड्याचा करार करतात, वीजबिल नावावर करून देतात, गॅसची जोडणी देतात. नंबर मात्र सहा महिने माणूस पाहून मग देतात. तोपर्यंत शेजारच्या काकूंवर अवलंबून राहायचं.

“काकू, आज पाणी आहे का?”

“आज पेठेचा दिवस. आपला उद्या. पण काल लाइट नव्हती म्हणजे परवा. आणि परवा अमावास्या, मामा देवाला जातात. तेरवा धरून चाल.”

हा सगळा हिशेब काकू तांदूळ निवडताना करतात. नगरपरिषदेच्या फलकावरचं वेळापत्रक आणि काकूंचं वेळापत्रक यांत फरक पडला तर गाव काकूंचं धरतं.

पाणी यायच्या आधी नळ सुस्कारतो. पाइपात अडकलेली हवा बाहेर पडत असते. त्या फुस्स आवाजाने, पहाटेचे साडेतीन का असेनात, अख्खी गल्ली उठते. पहिलं पाणी गढूळ, ते सोडून द्यायचं. मग थोडं लालसर, ते झाडांना. मग नितळ, पण क्लोरीनच्या वासाचं. काकू ओंजळ नाकाशी नेतात आणि सांगतात, “आज औषध जास्त पडलंय.” प्रयोगशाळेत हीच तपासणी ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून, पाणी किती पिवळं होतं ते पाहून करतात. शेवटच्या नळालाही लीटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असा नियम आहे. काकूंना आकडा माहीत नाही, पण त्यांचा निकाल आधी लागतो. तेवढ्यात कुणीतरी टिल्लू मोटार लावतं आणि पुढच्या चार घरांची धार करंगळीएवढी होते. कोणी लावली ते सगळ्यांना माहीत असतं, कारण सगळ्यांनीच लावलेली असते. पाण्याच्या वेळेत वीजच बंद ठेवा, अशी मागणी मग मोटार नसलेली दोन घरं करतात.

आणि भरून ठेवायचं तरी किती? भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लीटर पाणी मिळावं, असा केंद्राचा निकष आहे. आठ दिवसांचे झाले 1080 लीटर. चौघांच्या घराला 4320. म्हणून आमच्याकडे घर बांधताना आधी हौद खोदतात आणि मग त्याच्या भोवती जमेल तसं घर उभं करतात. अंगणात हौद, हौदावर मोटार, गच्चीवर हजार लीटरची टाकी, स्वयंपाकघरात फिल्टर, फिल्टरशेजारी तुरटी. साठवण, उपसा, शुद्धीकरण, वितरण. नगरपरिषदेचा जो विभाग जिन्याच्या मागे आहे, तोच प्रत्येक घरात पुन्हा उभारलेला. फरक एवढाच की घरच्या विभागाची अभियंता, व्हॉल्व्हमन आणि तक्रार निवारण अधिकारी ही सगळी पदं एकाच बाईकडे असतात, आणि त्या पदांना वेतनश्रेणी नाही.

गंमत म्हणजे, इतक्या कष्टाने भरलेलं पाणी नवं पाणी आलं की शिळं ठरतं. भांडी ओतली जातात, अंगण धुतलं जातं, दारातली गाडी न्हाऊन निघते. जिथे पाणी आठ दिवसांनी येतं तिथेच ते आठव्या दिवशी सर्वांत जास्त गटारात जातं. वर बंद पडलेला रिकामा पाइप गळतीच्या भोकांतून आसपासची घाण आत ओढून घेतो, तीच पुढच्या वेळी पहिल्या गढूळ पाण्यासोबत घरी येते. व्हॉल्व्ह रोज उघडून मिटून झिजतात ते वेगळंच.

नळाने दगा दिला की खासगी क्षेत्र. हे शोधावं लागत नाही, ते भिंतीवर रंगवलेलं असतं: ‘पाण्याचा टँकर मिळेल’, खाली नंबर. टँकर पाच हजार लीटरचा, हे टँकरवर लिहिलेलं असतं आणि त्यावर श्रद्धा ठेवायची असते. आत पाणी कुठल्या विहिरीचं, असं विचारल्यावर टँकरवाला दुखावतो. पिण्यासाठी जारवाला. मोहोरबंद बाटलीतल्या पाण्याला बहुधा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. उघड्या झाकणाच्या थंडगार जारला फक्त थंडपणा असतो, आणि गावाला तेवढा पुरतो. शेवटचा आधार बोअर. त्यासाठी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर फिरतो, आणि नारळ जिथे उभा राहतो तिथे पाणी लागतं असं सांगतो. नारळ नेहमी बोअरच्या गाडीला आत शिरता येईल अशाच जागी उभा राहतो, हे मी बारकाईने पाहिलं आहे.

हसण्यावारी नेलेली ही व्यवस्था कोलमडते तेव्हा काय होतं, ते लातूरने 2016 मध्ये पाहिलं. मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लीटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून. त्या उन्हाळ्यात लातूरकरांच्या पाणी देणाऱ्यांच्या यादीत भारतीय रेल्वेचीही भर पडली. गाडी वेळेवर आहे का, हा प्रश्न तोवर प्रवासी विचारत होते.

आणि तरीही लहान गावाला हे जमतच नाही, असं म्हणायची सोय नाही. साताऱ्याच्या कऱ्हाड तालुक्यातल्या मलकापूरने नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. आमचे नगरसेवक तिथे अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले. येताना महाबळेश्वर झालं, वाईला गणपतीचं दर्शन झालं. अहवालात त्यांनी लिहिलं की योजना उत्तम आहे, पण मीटर बसवले तर लोक पाण्याचे पैसे देणार नाहीत. टँकरला, जारला, बोअरला, हौदाला आणि मोटारीला हेच लोक जे पैसे देतात, त्यांची बेरीज अहवालात नव्हती. ती घरोघरीच्या वहीत आहे. कुणी मागितलेली नाही.

तेव्हा कुणी विचारलंच की तुमच्या गावाला पाणी कोण देतं, तर कायद्याने नगरपरिषद, कागदाने योजना, विजेने वीज कंपनी, आणि प्रत्यक्षात मामा व काकू. एखाद्या गावाचा पाणीपुरवठा कसा आहे हे पाहायला धरणाचा साठा, टाक्यांची उंची, योजनेची रक्कम यांतलं काही तपासू नका. चार घरांत व्हॉल्व्हमनचा फोन नंबर विचारा. ज्या गावात तो कुणालाच माहीत नसेल, तिथे पाणी रोज येतं. आमच्या गावात तो लहान पोरांनाही पाठ आहे.